पाँटूनची स्टॅबिलिटी बुकलेट मंजूर होईपर्यंत

आमच्या डेक पाँटूनची स्टॅबिलिटी बुकलेट, म्हणजे ते पाण्यावर स्थिर राहील हे गणिताने दाखवणारी पुस्तिका, जूनमध्ये मंजूर झाली. जानेवारीत हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून पुलांची आणि शेडची गणितं करत होते. तरंगणाऱ्या वस्तूंशी संबंध आला होता तो कॉलेजातल्या द्रायुयांत्रिकीपुरताच. सूत्रं कुठल्याही पुस्तकात मिळतात. मात्र काम कुठून सुरू करायचं, कुठला कागद आधी लागतो, कोण काय विचारतं आणि कशासाठी किती थांबावं लागतं हे विचारायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. अशाच जागी कुणी असेल तर त्याच्यासाठी हे लिहिते आहे. आकडे मुद्दाम सगळे देते, म्हणजे वहीत मांडून पडताळता येतील.

पाँटून म्हणजे एक मोठा चौकोनी पोलादी खोका. लांबी ४० मीटर, रुंदी १४, खोली २.८. दोन्ही टोकं सरळ, इंजिन नाही. त्यावर क्रॉलर क्रेन आणि बांधकामाचं सामान चढवून टगने ओढत न्यायचं आणि आडोशाच्या पाण्यात उभं करून काम करायचं, अशी योजना होती. क्लासची, म्हणजे वर्गीकरण संस्थेची, मंजुरी असल्याशिवाय विमा मिळणार नव्हता आणि विम्याशिवाय टगवाला दोर लावणार नव्हता. त्यामुळे सगळं वेळापत्रक या एका बुकलेटवर अडलेलं होतं, आणि त्याचं ओझं मला पहिल्या दिवसापासून जाणवत होतं.

जानेवारीचा महिना वाचनात आणि साध्या आकडेमोडीत गेला. जलरेषेवरचं क्षेत्रफळ ४० गुणिले १४, म्हणजे ५६० चौरस मीटर. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला १.०२५ टन. म्हणून पाँटून एक मीटर खाली बसायला ५७४ टन लागतात आणि एक सेंटिमीटरला ५.७४ टन. हा शेवटचा आकडा मी टेबलासमोर चिकटवून ठेवला होता, कारण पुढे प्रत्येक गोष्ट त्याच्याशी ताडून पाहावी लागते. कुणी म्हणालं की डेकवर अजून तीस टन ठेवू, तर लगेच कळतं की पाच सेंटिमीटर फ्रीबोर्ड (पाण्यापासून डेकपर्यंतची उंची) गेला.

त्यानंतर स्थैर्य. पाँटून थोडं कललं की एका बाजूला जास्त पाणी ढकललं जातं आणि उत्प्लावन केंद्र, म्हणजे बुडालेल्या भागाचा मध्य, त्या बाजूला सरकतं. त्यातून जाणारी उभी रेषा मधल्या रेषेला जिथे छेदते तो मेटासेंटर. ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर यांनी १७४६ मध्ये मांडली आणि आजही गणित तिथूनच सुरू होतं. कीलपासून, म्हणजे तळापासून, उत्प्लावन केंद्राची उंची ती केबी. तिथून मेटासेंटरपर्यंतची उंची बीएम. जलरेषेच्या क्षेत्रफळाचा जडत्व आघूर्ण भागिले बुडालेलं घनफळ केलं की ती मिळते. कीलपासून गुरुत्वमध्याची उंची केजी. केबी आणि बीएमच्या बेरजेतून केजी वजा केली की जीएम, म्हणजे गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरपर्यंतची उंची, येतो. खोक्याच्या आकारात केबी म्हणजे ड्राफ्टचा (पाण्याखाली बुडालेल्या उंचीचा) निम्मा आणि बीएम म्हणजे रुंदीचा वर्ग भागिले बारा पट ड्राफ्ट. आमचा भरलेला ड्राफ्ट १.५ मीटर धरला तर केबी ०.७५, बीएम १०.८९, बेरीज ११.६४ मीटर.

सॉफ्टवेअर आम्ही महिन्याच्या भाड्याने घेतलं होतं. ते चालू करायच्या आधी एवढं हाताने काढून ठेवाच, असं मी कळकळीने सांगेन. आकार खोक्यासारखा नसेल, टोकं तिरकी असतील, तर सिम्प्सनच्या १-४-१ नियमाने काही काटछेदांवरून क्षेत्रफळ आणि घनफळ काढता येतं. त्याला एखादी दुपार जाते. पण संगणकाचा आकडा आणि वहीतला आकडा जुळला की पुढच्या प्रत्येक पानावर स्वतःची खात्री असते. शिवाय परवान्याचं भाडं दर महिन्याला चढतं, त्यामुळे वजनांची यादी तयार होईपर्यंत ते घेऊ नका.

कारण खरं काम त्या यादीतच आहे. पाण्याखालचा आकार एकदा मोजला की बदलत नाही. वजन मात्र रोज बदलतं. फेब्रुवारीभर मी फक्त एक तक्ता भरत होते: वस्तू, वजन, लांबीतली जागा, रुंदीतली जागा, कीलपासूनची उंची आणि हा आकडा आला कुठून. हा शेवटचा रकाना मला एका निवृत्त नेव्हल आर्किटेक्टांनी घालायला लावला. ते म्हणाले, "वजन चुकलं तर कुणीतरी पकडेल. वजन कुठून आणलं हे लिहिलं नाहीस, तर तुलाच दोन महिन्यांनी आठवणार नाही." पुढे क्लासकडून प्रश्न आले तेव्हा निम्म्याहून अधिक उत्तरं त्याच रकान्यात तयार होती. क्रेन बनवणाऱ्या कंपनीचा कागद, वजनकाट्याची पावती, नकाशावरून काढलेलं वजन, आणि ज्याला काहीच आधार नाही त्यासमोर स्पष्ट "अंदाज". अंदाज लिहायला संकोच वाटतो, पण तपासणाऱ्याला तेच हवं असतं.

नकाशांवरून पाँटूनच्या पोलादाचं वजन ३३१ टन येत होतं. वेल्डिंग, रंग, फेंडर, बोलार्ड, नंतर लावलेल्या जाड प्लेटा आणि डेकवरचे लाकडी ओंडके यांचा हिशोब नकाशात नसतो. म्हणून खरं वजन पाण्यालाच विचारावं लागतं. त्याला लाइटशिप सर्व्हे, म्हणजे रिकाम्या पाँटूनची मोजणी, म्हणतात, आणि तो क्लासच्या सर्व्हेअरसमोर करावा लागतो. सर्व्हेअरची तारीख मिळायला जवळजवळ तीन आठवडे गेले. त्यांच्या हजेरीची फी प्रत्येक भेटीला वेगळी असते. वारा वाढला आणि दिवस वाया गेला तरी ती भरावीच लागते. म्हणून तारीख ठरवताना भरतीचा तक्ता आणि हवामानाचा अंदाज दोन्ही समोर ठेवा आणि जमल्यास लागून दुसरा दिवस राखून ठेवायची विनंती करा.

मार्चच्या मध्यावर सर्व्हे झाला. पहाटे, पाणी शांत असताना. आदल्या दिवशी प्रत्येक टाकीचं मॅनहोल उघडून आत पाणी नाही याची खात्री केली. कोपऱ्यात साचलेलं पाणी उपसलं आणि डेकवरचं सुटं सामान उतरवलं. उतरवता आलं नाही त्याची जागेसह यादी केली, कारण ते वजन नंतर वजा करायचं असतं. बांधलेले दोर सैल सोडले, म्हणजे ते पाँटूनला खाली खेचणार नाहीत. मग दोन्ही बाजूंनी पाच-पाच ठिकाणी डेकपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं. मी एका बाजूला, सहकारी दुसऱ्या बाजूला, नंतर अदलाबदल. लाट स्थिर नसते, म्हणून प्रत्येक ठिकाणी वरचं आणि खालचं वाचन घेऊन मधलं धरलं. खोलीतून ते अंतर वजा जाता सरासरी ड्राफ्ट ०.६१२ मीटर आला.

आता इथली बारीक गोष्ट. आम्ही खाडीच्या तोंडाशी होतो आणि हायड्रोमीटरने पाण्याची घनता १.०१० आली. त्या घनतेने वजन ३४६ टन होतं. सवयीने १.०२५ धरली असती तर ३५१ आलं असतं. पाच टनांचा फरक नुसत्या पाण्याच्या खारटपणामुळे! नमुना एकाच जागचा आणि वरवरचा घेऊ नका. खाडीत वर गोडं आणि खाली खारं पाणी असू शकतं. आम्ही तीन खोलींवरून घेतला आणि सर्व्हेअरनी तसं नोंदवूनही घेतलं. नकाशापेक्षा १५ टन जास्त वजन निघालं, याचं त्यांना नवल वाटलं नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही, कारण तोवरची सगळी पानं ३३१ वर उभी होती आणि ती नव्याने करायची होती.

वजन कळलं, गुरुत्वमध्याची लांबीतली जागा ट्रिमवरून (दोन टोकांच्या ड्राफ्टमधल्या फरकावरून) कळली. उरली ती केजी. जहाजाची केजी काढायची रीत म्हणजे इन्क्लायनिंग चाचणी: ठाऊक असलेलं वजन डेकवर आडवं सरकवायचं, लंबकाने कल मोजायचा आणि त्यावरून जीएम काढायचा. कल साधारण एक ते चार अंशांत यावा लागतो. मी तयारी म्हणून आमच्या रिकाम्या पाँटूनसाठी गणित केलं. ड्राफ्ट एवढा कमी आणि रुंदी एवढी मोठी, की बीएम २६.७ मीटर आणि जीएम अंदाजे २५ मीटरच्या वर. एक अंश कलवायला १५ टन वजन १० मीटर सरकवावं लागेल. तेही भाड्याने आणता आलं असतं. पण खरी अडचण पुढे आहे. मोजमापात दोन टक्के चूक झाली तर जीएममध्ये अर्ध्या मीटरचा फरक पडतो आणि तोच अर्धा मीटर थेट केजीत उतरतो. केजीच मुळात दीड मीटरच्या आसपास. म्हणजे एवढी यातायात करून हाती येणारं उत्तर एक तृतीयांशाने चुकलेलं असू शकतं.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००८ च्या इंटॅक्ट स्टॅबिलिटी कोडमध्ये पाँटूनसाठी वेगळा भाग आहे आणि त्यात याची वाट दिलेली आहे: रिकाम्या पाँटूनची केजी सुरक्षित बाजूने, मुख्य डेकच्या पातळीवर धरली, तर सहसा ही चाचणी लागत नाही. आमच्यासाठी ती पातळी २.८ मीटर. खरी केजी त्याच्या बरीच खाली आहे हे माहीत असूनही गणित २.८ ने करायचं. मी हे परस्पर ठरवलं नाही. क्लासला पत्र लिहून विचारलं. उत्तर यायला पंधरवडा लागला. तो काळ फार जड गेला, कारण चाचणी लागली असती तर वजनं, लंबक, सर्व्हेअरची नवी तारीख असं सगळं पुन्हा उभं करावं लागणार होतं. उत्तर होकाराचं आलं. त्या पत्राची प्रत बुकलेटच्या पहिल्या परिशिष्टात लावा. पुढचा तपासनीस वेगळा असू शकतो.

त्याच पत्रात त्यांनी एक अट स्पष्ट केली. पाँटूनचे निकष लागू होण्यासाठी त्याला स्वतःचं यंत्र नसावं, त्यावर माणसं नसावीत, माल फक्त डेकवर असावा, ब्लॉक गुणांक (बुडालेला आकार पूर्ण खोक्याच्या किती जवळ आहे ते प्रमाण) ०.९ किंवा जास्त असावा, रुंदी खोलीच्या तिपटीहून जास्त असावी आणि डेकला मॅनहोलशिवाय तोंडं नसावीत. ओढून नेताना आमचं पाँटून या चौकटीत बसत होतं. क्रेन चालू झाली की मात्र बसत नव्हतं. म्हणून बुकलेटचे दोन भाग करायला सांगितले: एक प्रवासाचा, जिब (क्रेनचा लांब हात) खाली बांधलेली आणि माणसं उतरलेली; दुसरा कामाचा.

प्रवासाची भरणी अशी: पाँटून ३४६ टन, केजी २.८, क्रेन १८० टन, ६.५ मीटरवर, डेकवरचं सामान २६० टन, ३.८ मीटरवर, टाक्यांतलं बॅलास्ट (वजनासाठी भरलेलं पाणी) ७५ टन, ०.३३ मीटरवर. एकूण ८६१ टन, ड्राफ्ट बरोबर १.५ मीटर, एकत्रित केजी ३.६६. जीएम ७.९८ मीटर.

बॅलास्टमुळे यातून आणखी वजाबाकी होते. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी कलत्या बाजूला धावतं. परातीत पाणी घेऊन चालणाऱ्याला हे सांगायला नको. या नुकसानीचं सूत्र टाकीच्या रुंदीच्या घनावर चालतं. आमची टाकी ८ मीटर लांब. ती पाँटूनच्या पूर्ण १४ मीटर रुंदीची असती तर जीएममधून २.१८ मीटर गेले असते. मधोमध एक उभं बल्कहेड, म्हणजे आतली भिंत, असल्यामुळे दोन टाक्या ७-७ मीटरच्या झाल्या आणि नुकसान ०.५४ वर आलं, म्हणजे एक चतुर्थांश. मात्र त्या बल्कहेडला भोक नको आणि दोन टाक्यांना जोडणारा व्हॉल्व्ह बंद हवा. सर्व्हेच्या दिवशी मी स्वतः आत उतरून बल्कहेड पाहिलं होतं आणि फोटो काढले होते. ते फोटो पुढे मागितले गेले.

हातात उरला सुमारे ७.४ मीटर जीएम. सर्वसाधारण मालवाहू जहाजांना याच कोडमध्ये किमान ०.१५ मीटर पुरतो, हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की काम झालं. इथेच थांबू नये. जीएम फक्त पहिल्या काही अंशांबद्दल बोलतो. आमचा फ्रीबोर्ड १.३ मीटर आणि अर्धी रुंदी ७, म्हणजे साडेदहा अंशांना डेकची कडा पाण्यात जाते. बारा अंशांना दुसऱ्या बाजूचा तळ पाण्याबाहेर येऊ लागतो. तिथून पुढे जलरेषेची रुंदी आक्रसत जाते आणि सरळ करणारा जोर वाढायचा थांबून ढासळतो. १८७० च्या ७ सप्टेंबरला केप फिनिस्टेरजवळ उलटलेल्या एचएमएस कॅप्टन या ब्रिटिश युद्धनौकेचं उदाहरण मला या टप्प्यावर पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं. बांधताना वजन योजनेपेक्षा वाढलं, फ्रीबोर्ड आठ फुटांवरून साडेसहा फुटांच्या आसपास आला, आणि तिचा सरळ करणारा जोर २१ अंशांनाच शिखर गाठून उतरू लागत होता. जवळजवळ पाचशे माणसं गेली. नौकेचा आराखडा मांडणारे कूपर कोल्स त्यांच्यातच होते. वजनांच्या यादीपुढचा माझा सगळा कंटाळा ती हकीकत वाचून गेला.

म्हणून जीझेडचा, म्हणजे सरळ करणाऱ्या तरफेचा, आलेख काढायचा. डेकची कडा बुडेपर्यंत भिंती उभ्या असलेल्या आकाराचं सूत्र चालतं. त्याने १० अंशांना जीझेड १.३ मीटरच्या आसपास येतो. त्यापुढे सॉफ्टवेअरच हवं. कोड पाँटूनसाठी तीन गोष्टी मागतो. शिखरापर्यंत आलेखाखालचं क्षेत्रफळ किमान ०.०८ मीटर-रेडियन, आमचं पहिल्या १० अंशांतच ०.११ होतं. १०० मीटरपर्यंतच्या लांबीला स्थैर्याची व्याप्ती, म्हणजे जीझेड शून्यावर येईपर्यंतचा कोन, किमान २० अंश. आणि सेकंदाला ३० मीटर वाऱ्याचा, म्हणजे ५४० पास्कलचा दाब लावल्यावर येणारा कल अर्ध्या फ्रीबोर्डएवढ्या कोनाच्या आत. आमची वाऱ्याला आडवी बाजू १४२ चौरस मीटर, तरफ ड्राफ्टच्या निम्म्यापासून मोजायची, आघूर्ण ३० टन-मीटर. कल पाव अंशाच्या जरा वर, मर्यादा ५.३ अंश. ट्रिमचंही तसंच मांडलं: लांबीत १८.५ टन-मीटरला एक सेंटिमीटर ट्रिम, म्हणजे २० टनांचं सामान १० मीटर पुढे ठेवलं तर जवळपास ११ सेंटिमीटरचा फरक. हे वाक्य मी बुकलेटमध्ये तसंच लिहिलं, कारण सामान लावणारा माणूस आलेख वाचत नाही.

कामाच्या भागात क्रेन आली आणि तिथे माझा सर्वात जास्त वेळ गेला. हुकाला लटकलेलं वजन डेकजवळ दिसतं, पण गणितात ते जिबच्या टोकाशी असतं, कारण पाँटून कललं की ते टोकाखालीच झुलून येतं. १० टन वजन मधल्या रेषेपासून १८ मीटर बाहेर, टोक कीलपासून २४ मीटर उंच: एकत्रित केजी ३.८९ वर जाते, जीएम ७.१ मीटरच्या आसपास उतरतो आणि कल १.७ अंश येतो. पाँटूनला हे काहीच नाही. क्रेनला आहे. जमिनीवरच्या क्रेनचा क्षमता-तक्ता समतल जमिनीसाठी असतो. कललेल्या पायावर जिबवर आडवा जोर येतो आणि क्षमता झपाट्याने घटते. कंपनीकडून तरंगत्या पायासाठीचा वेगळा तक्ता मागवावा लागतो. तो यायला महिना लागला. जानेवारीतच मागवता आला तर पुढची ओढाताण वाचेल.

एप्रिलच्या शेवटी सगळं पाठवलं. आमच्या करारात पहिली तपासणी आणि एक फेरतपासणी फीमध्ये होती. तिसऱ्या फेरीपासून तासावर आकारणी. म्हणून प्रश्नांची उत्तरं तुकड्यातुकड्याने पाठवू नका, सगळी एकत्र करून एकदाच द्या. पहिली टिपणी मेच्या मध्यावर आली. दोन पानं पाहून पोटात गोळा आला, पण शांतपणे वाचल्यावर बहुतेक मुद्दे कागदांचे निघाले: मॅनहोलच्या झाकणांना गॅस्केट आहे याचा पुरावा, हवेच्या नळ्यांच्या तोंडांची उंची, सामान डेकला बांधण्याची पद्धत, बल्कहेडचे फोटो. गणिताचा प्रश्न एकच होता आणि तो चांगला होता: हुकावरचं वजन अचानक सुटलं तर पाँटून उलट्या बाजूला किती झोकांडी खाईल? विरुद्ध बाजूला बॅलास्ट भरून क्रेनचा कल सावरला असेल तर ही झोकांडी आणखी वाढते. आम्ही तसं बॅलास्ट वापरणारच नाही असं लेखी दिलं, झोकांडीचं गणित जोडलं आणि बुकलेटमध्ये ती बंदी ठळक छापली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शिक्का मारलेली प्रत आली, सोबत अटींची यादी. एक प्रत पाँटूनवर पाण्यापासून सुरक्षित जागी ठेवायची. रिकाम्या वजनात कायमची भर पडली, उदाहरणार्थ नवी विंच बसवली, तर क्लासला कळवायचं. यासाठी मी फोरमनच्या वहीत एक पान वेगळं आखून दिलं आहे: तारीख, काय चढवलं किंवा उतरवलं, वजन, फ्रेम क्रमांक, डेकपासून उंची. क्रेनच्या केबिनमध्ये एका पानाचा तक्ता लॅमिनेट करून लावला आहे, त्यात त्रिज्या, कमाल वजन आणि अपेक्षित कल एवढंच. पाँटूनवर कल मोजायला क्लिनोमीटर आहे. तक्त्यातल्या अपेक्षेपेक्षा अर्धा अंश जरी जास्त दिसला, तर वजन खाली ठेवायचं आणि आधी टाक्या तपासायच्या, असं त्या पानावर सर्वात वर लिहिलं आहे.